ई-मेलच्या जोडफायली आणि विश्वासाचा प्रश्न (१९९९–२०२२)

ई-मेलबरोबर येणाऱ्या घातक फायलींचा इतिहास बहुधा वाचकाच्या भोळेपणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अपरिचिताने पाठविलेली फाईल उघडू नये, हा उपदेश त्याच समजुतीतून निघाला. परंतु दोन प्रसिद्ध प्रकरणे तपासली असता ही समजूत अपुरी ठरते.

२६ मार्च १९९९ रोजी पसरू लागलेला 'मेलिसा' हा विषाणू वर्डच्या दस्तऐवजातील मॅक्रोत, म्हणजे दस्तऐवजासोबत जाणाऱ्या आज्ञावलीत, दडलेला होता. मॅक्रो चालू झाला की आउटलुकच्या यादीतील पहिल्या ५० पत्त्यांवर दस्तऐवजाची प्रत जाई. पत्र परिचिताच्याच नावाने येत असल्यामुळे उपरोक्त उपदेश येथे निरुपयोगी होता.

४ मे २००० रोजी फिलिपाईन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू'ने यादीतील सर्वच पत्ते गाठले आणि संगणकांतील चित्रांच्या फायलीही नष्ट केल्या. त्याच्या फाईलच्या नावाअखेर 'टीएक्सटी' व 'व्हीबीएस' अशी दोन चिन्हे होती. पहिले साध्या मजकुराचे, दुसरे आज्ञावलीचे. विंडोज परिचित प्रकारांचे अंत्य चिन्ह मुळातच लपवीत असल्याने वाचकास केवळ पहिलेच दिसे. येथे वाचकाची फसगत प्रणालीनेच सुकर केली, असे म्हणणे प्राप्त होते. फिलिपाईन्समध्ये या कृत्यास लागू पडणारा कायदा जून २००० मध्ये झाला. तो पूर्वलक्षी नसल्याने संशयितावरील आरोप ऑगस्टमध्ये मागे घेण्यात आले.

त्याच जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुकमध्ये सुधारणा करून आज्ञावलीच्या फायली वाचकापर्यंत पोहोचूच न देण्याची व्यवस्था केली. मॅक्रोंच्या बाबतीत मात्र इशारा दाखवून निर्णय वाचकावरच सोपविला जाई. कारण अनेक कार्यालयांचे नित्याचे हिशेब मॅक्रोंवरच चालत. इंटरनेटवरून आलेल्या दस्तऐवजांतील मॅक्रो मुळातच रोखण्याचा निर्णय २०२२ साली अमलात आला. तोही वापरकर्त्यांच्या प्रतिक्रियांमुळे जुलैमध्ये काही काळ स्थगित झाला होता.

'मेलिसा'पासून या निर्णयापर्यंत २३ वर्षे लोटली. या अवधीत इशाऱ्यांची उणीव नव्हती. उणीव होती ती सोय व सुरक्षितता यांत निवड करण्याच्या निश्चयाची. त्यानंतर हल्लेखोर शॉर्टकट व डिस्कप्रतिमा यांसारख्या अन्य फायलींकडे वळले. तेव्हा वाचकाची सावधता आवश्यक असली, तरी संरक्षणाचा मुख्य भार प्रणालीच्या रचनेवरच पडतो, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.