करवत, वाळू आणि सलाईनची नळी

गेल्या महिन्यात जोडून सुट्टी आली म्हणून वीकांताला सोलापूरला घरी गेलो होतो. मागच्या मोरीची जाळी बदलायची होती. नवी जाळी जुनीपेक्षा दोन बोटं रुंद निघाली, त्यामुळे शेजारच्या शहाबादी फरशीचा कोपरा एल आकारात कापणं आलं. काम एवढंसं, पण मिस्त्री दोन दिवस "उद्या येतो" म्हणत होता. शेवटी माळ्यावरून आजोबांची करवत काढली.

माझा हिशोब अगदी इंजिनियरी होता. फ्रीडरिश मोह्जने १८१२ साली मांडलेल्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर शहाबादी म्हणजे चुनखडी, तिच्यातलं कॅल्साइट ३ वर. करवतीचं पोलाद साडेपाच-सहाच्या आसपास. सहा तीनला कापणार, यात शंका कसली?

पंधरा मिनिटं घासल्यावर फरशीवर एक पांढरी रेघ उमटली आणि करवतीचे दात आरशासारखे गुळगुळीत झाले. अप्पा चहाचा कप घेऊन बघत होते. म्हणाले, "करवतीनं दगड कापायलास का दगडानं करवत घासायलास रे?"

तर चूक कुठे झाली? सुताराच्या करवतीचा प्रत्येक दात म्हणजे एक छोटी पटाशी. लाकूड तंतूंचं बनलेलं असतं. दात तंतू तोडतो आणि भुसा खाचेतून बाहेर काढतो. दगडाला तंतू नसतात. तिथे दाताला धरायलाच काही मिळत नाही, तो नुसता वरून घसरतो. शिवाय चुनखडी शुद्ध कॅल्साइट कधीच नसते. तिच्यात क्वार्ट्झचे बारीक कण असतात, आणि क्वार्ट्झ ७ वर. म्हणजे माझी करवत फरशीला कापत असताना फरशी करवतीला जास्त वेगाने कापत होती. सरासरी काढून डिझाइन केलं की असं होतं :-)

मग पूर्वी करवतीने दगड कापतच नव्हते का? कापत होते, आणि तेही साडेचार हजार वर्षांपूर्वी. गिझाला खुफूच्या पिरॅमिडशेजारी त्याचं मंदिर होतं. त्याच्या जमिनीला बेसॉल्टच्या म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्याच जातीच्या फरशा आहेत, आणि त्यांवर करवतीच्या खुणा आजही दिसतात. त्या वेळी इजिप्तकडे लोखंडी हत्यारं नव्हती, होतं ते तांबं. तांबं तर कॅल्साइटइतकंच मऊ! युक्ती अशी की कापायचं काम तांबं करतच नव्हतं. बिनदाती पट्टी, तिच्याखाली वाळू, आणि पट्टी पुढे-मागे. वाळूचे कण पट्टीत रुततात आणि दगड खरवडतात. पट्टी फक्त वाळूला दिशा देते.

रोमन लेखक प्लिनीने (हा इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला) हे नेमकं ओळखलं होतं. संगमरवर लोखंड कापतंय असं दिसतं, पण खरं कापते ती वाळू, अशा अर्थाचं त्याने लिहिलंय. कोणती वाळू चांगली याची चर्चाही केली आहे. पहिला मान इथिओपियाच्या वाळूला, पण त्यात भारतातल्या वाळूचंही नाव आहे. पुढे तिसऱ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिस इथे पाणचक्कीवर चालणाऱ्या दगड-करवतीचं चित्र एका दगडी पेटीवर कोरलेलं सापडलं. आपल्याकडे मकराण्याचा संगमरवर असाच कापत: दोन माणसं, दात नसलेली लोखंडी पट्टी, वाळू आणि सतत ओतलेलं पाणी. कुरुंद हा वाळूहूनही कठीण खडा. इंग्रजी 'कोरंडम' हा शब्द आपल्याच देशातून, तमिळमधून गेलाय.

मग सोलापुरात अशी दगड कापायची करवत का दिसत नाही? गंमत म्हणजे आपल्याला तिची गरजच पडली नाही. आपला काळा दगड लाव्ह्याचा. भुईकोट किल्ल्याच्या बुरुजांपाशी उभं राहून बघा. पाचर ठोकून फोडायचा आणि छिन्नी-हातोडीने टाकीचे घाव घालत घडवायचा, ही वडार-पाथरवटांची पद्धत. घराघरातली जाती आणि पाटे-वरवंटे त्यांच्याच हातचे, आणि झिजले की टाकी लावायलाही तेच दारावर यायचे. घाव थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतं, भिंत जाड असते.

आणि फरशी? शहाबाद हे गाव गुलबर्ग्याच्या (आता कलबुर्गी) पुढे, सोलापूरपासून रेल्वेने दीडशे किलोमीटरच्या आत. तिथली चुनखडी फार प्राचीन समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेली. भूशास्त्रात त्या खडकांच्या गटाला भीमा नाव आहे, आपल्या पंढरपूरहून वाहत जाणाऱ्या भीमेवरूनच. थर असल्यामुळे पहारीने उचकटलं की वहीचं पान सुटावं तशी लादी सुटते. दोन्ही बाजू निसर्गानेच सपाट केलेल्या, फक्त कडा छिन्नीने सरळ करायच्या. १८७१ मध्ये सोलापूरकडून येणारा रेल्वेमार्ग रायचूरपर्यंत जोडला गेला. शहाबाद याच मार्गावर. मुलूख निजामाचा, पण फरशी आमच्या वाड्यांत, गिरण्यांत, स्टेशनांवर पसरली. करवतीचं जे मुख्य काम, म्हणजे जाड दगडाचे पातळ काप काढणं, ते दगडानेच आधी करून ठेवलं होतं.

पण एल आकाराची खाच छिन्नीने काढायला गेलं तर कोपऱ्यातून फरशी तडकते. तिथे कटरच लागतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, सोबत सतरा-अठरा वर्षांचा हेल्पर. चार इंची कटर, मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे. ब्लेड हातात घेऊन पाहिलं. दात नाहीत! कडेला धातूत बसवलेले हिऱ्याचे कण, बस. म्हणजे तीच जुनी वाळू, फक्त पट्टीला कायमची चिकटवलेली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९५४ च्या डिसेंबरात प्रयोगशाळेत हिरा बनला, नंतर असे कण स्वस्त होत गेले, आणि आता गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात ब्लेड मिळतं. आणखी एक उलटा प्रकार: आपले सुतार हेच दगडाचं कटर दुसरं ब्लेड लावून प्लायवूडला वापरतात. मी लाकडाची करवत दगडाला लावली, त्यांनी दगडाची लाकडाला. त्यांचं चालतं, माझं नाही.

मिस्त्रीने मशीन टेकवलं आणि दोन सेकंदांत अख्खी मोरी पांढरी. हेल्पर तोंडाला रुमाल बांधून फरशी धरून बसलेला, नाक ब्लेडपासून हातभर. मी ओरडून थांबवलं.

सगळ्या इतिहासात माझ्या मनात हाच भाग अडकून राहिला होता. मकराण्याची करवत संथ होती, पण ओली होती. (इजिप्तची बहुधा नसावी. डेनिस स्टॉक्स या इंग्रज संशोधकाने तांब्याची करवत आणि कोरडी वाळू वापरून ग्रॅनाइट कापून दाखवला, आणि धुळीचा धोकाही त्यानेच नोंदवला.) यंत्राने वेग दिला आणि घाईत पाणी गळून पडलं. धुळीतले डोळ्यांना न दिसणारे सिलिकाचे कण फुप्फुसात रुतून बसतात, त्याचा सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. शहाबादीत सिलिका कमी, हे खरं. पण तो मुलगा रोज शहाबादीच कापत नाही. ग्रॅनाइटमध्ये पाव भाग किंवा त्याहून जास्त क्वार्ट्झ असतो. आणि माझ्या पुण्याच्या फ्लॅटमधला हौसेने निवडलेला क्वार्ट्झचा ओटा? त्यात सिलिका नव्वद टक्क्यांच्या आसपास असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असल्या कृत्रिम दगडावर बंदीच घातली, ती ओटे कापणारी तरुण मुलं आजारी पडू लागली म्हणून. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिसची नोंद करणं बंधनकारक होतं, पण माझी मोरी काही कारखाना नव्हे. माझा ओटा बसवला तेव्हा मी ऑफिसात होतो. तो कोणी कापला, कुठे बसून कापला, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

मिस्त्रीचं म्हणणंही चूक नव्हतं. "साहेब, पाणी मारलं की रेघ पुसती, आन् मशीनमध्ये गेलं तर मलाच शॉक." कटरला पाण्याची नळी जोडायची तोटी होती, पण नळी कधीच हरवलेली. तेवढ्यात अप्पांना त्यांच्या आजारपणातली सलाईनची नळी आठवली. बाटली खुंटीला टांगली, नळी तोटीला बांधली, धार चाकाने बारीक केली. फरशी अंगणात नेली, रेघ खिळ्याने कोरली, वायर पाण्यापासून लांब आणि ईएलसीबी असलेल्या बोर्डावर. २०२० पासून कपाटात पडलेले एन-९५ मास्क दोघांना दिले. मिस्त्री हसला, पण लावला.

एका दमात न कापता दोन-तीन फेऱ्यांत खाच निघाली. पाचेक मिनिटं जास्त लागली असतील. धूळ उडाली नाही, राखाडी चिखल ओघळला. तो नव्या जाळीत जाऊ नये म्हणून हेल्परने खराट्याने ओढून बादलीत भरला. जाताना मिस्त्रीने नळी मागितली. दिली. पुढच्या कामावर जोडेल का, माहीत नाही.

आजोबांची करवत मात्र धारवाल्याकडे पडून आहे. त्याने कानस फिरवून बघितली आणि विचारलं, "हिनं काय कापलंय?" अप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं.