उलटी मोजणी

१४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ निघाले, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून निवेदकाबरोबर आकडे मोजत होतो. दहा, नऊ, आठ... घरातली मंडळी हसत होती. हसू देत. अंतराळाचे सिनेमे आणि वर्तमानपत्रांतल्या चमत्कारिक विज्ञानवार्ता यांचे वेड मला शाळेपासूनचे, कवितेच्याही आधीचे.

ही उलटी मोजणी लोकांच्या मनात रुजवली ती एका सिनेमाने, आणि तोही मूकपट! १५ ऑक्टोबर १९२९ रोजी बर्लिनमध्ये फ्रित्झ लँगचा ‘फ्राऊ इम मोंड’, म्हणजे ‘चंद्रावरची स्त्री’, प्रदर्शित झाला. रॉकेट सुटण्यापूर्वी पडद्यावर आकडे उमटतात आणि शेवटी येते ‘आता!’. चढते आकडे मोजले तर रॉकेट नेमके कधी सुटणार हे प्रेक्षकाला कळणार नाही, असे लँगने पुढे सांगितले. मात्रा मोजण्यात जन्म गेलेल्या माझ्यासारख्याला ते लगेच पटते.

बाकी चंद्राचे म्हणाल तर गंमतच आहे. तिथे हवा आहे, सोने आहे. प्राध्यापकमहाशय काडी पेटवून हवा तपासतात! पण रॉकेट पाहावे तर टप्प्याटप्प्याचे, प्रचंड शेडमधून सरकत उभेच्या उभे बाहेर येणारे. वजनरहित अवस्थेत पाय अडकवायला जमिनीवर पट्टेसुद्धा आहेत. कारण सल्लागार होते हेर्मान ओबर्थ, रॉकेटशास्त्राचे एक आद्य पुरुष. प्रसिद्धीसाठी खरे रॉकेट उडवायचे ठरले होते. ते जमले नाहीच, उलट प्रयोगात स्फोट होऊन ओबर्थ यांच्या डाव्या डोळ्याला इजा झाली.

कथा लिहिली होती लँगची पत्नी थिआ फॉन हार्बू हिने. १९३३ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. पुढे तिने बर्लिनमध्ये राहणाऱ्या आयी तेंडुलकर या मराठी तरुणाशी गुपचूप लग्न केले. लँगने जर्मनी सोडली, तेंडुलकर महायुद्धापूर्वी मायदेशी परतले. थिआ तिथेच राहिली, नाझी पक्षात गेली, सिनेमे लिहीत राहिली.

आणि हा सिनेमा? रॉकेटची गुपिते फुटतील म्हणून नाझी राजवटीने तो वितरणातून काढून घेतला. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडे येथून ‘व्ही-२’ प्रथमच यशस्वीपणे उडाले, त्याच्या बुडाशी चंद्रकोरीवर बसलेली स्त्री रंगवलेली होती. म्हणजे ते तंत्रज्ञही माझ्यासारखेच शौकीन! हे प्रथम वाचले तेव्हा मला आनंद झाला होता, ते मी लपवत नाही. मग पुढचे वाचले. सप्टेंबर १९४४ पासून ही रॉकेटे लंडनवर पडू लागली. ती भुयारांत कैद्यांकडून बनवून घेतली जात. त्या डोरा छळछावणीतल्या सुमारे ६० हजार कैद्यांपैकी जवळजवळ २० हजार मेले. रॉकेट पडून मेले त्यांहून ते बनवताना मेले ते अधिक. त्यांची मोजणी मी कोणत्याही सिनेमात ऐकलेली नाही.

‘व्ही-२’चे शिल्पकार वेर्नर फॉन ब्राऊन हे तरुणपणी ओबर्थ यांच्या हाताखाली काम केलेले. युद्धानंतर ते अमेरिकेत गेले आणि सॅटर्न-५ त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले. १६ जुलै १९६९ रोजी अपोलो-११ त्यावरून निघाले, तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे ओबर्थ पाहुणे म्हणून तिथे हजर होते. मोजणी त्यांनीही ऐकली असेल.