घोड्यांच्या खेळात घुसलेली कुत्री

आजची गोष्ट सुरू होते मधल्या रिकाम्या वेळेपासून.

लंडन, फेब्रुवारी १९७८. ऑलिम्पिया नावाच्या भल्यामोठ्या सभागृहात क्रफ्ट्स भरलंय. कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या चार्ल्स क्रफ्ट यांनी १८९१ मध्ये सुरू केलेला हा डॉग शो. तिथली मुख्य स्पर्धा कसली, तर दिसण्याची. कान कसे, पाठ कशी, शेपूट कशी. आपल्याकडे बघण्याच्या कार्यक्रमात मुलीला चालून दाखवायला सांगायचे ना, साधारण तसंच.

तर आयोजकांपुढे अडचण होती. मुख्य रिंगणात दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ मोकळा राहायचा. तेवढ्या वेळात प्रेक्षकांना खुर्चीत बसवून ठेवायचं कसं? समितीतल्या जॉन व्हार्ली यांना घोड्यांच्या शो-जंपिंगची आठवण झाली. घोडे अडथळ्यांवरून उड्या मारतात, मग कुत्र्यांनी का नाही? त्यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकाला गाठलं. मीनवेलनी अडथळे रचले, दोन संघ उतरवले आणि लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. १९८० मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने या खेळाला नियमांसह मान्यता दिली. नाव, अ‍ॅजिलिटी.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट फार ओळखीची वाटते. 'सध्या हे टाकून ठेव, नंतर नीट करू' म्हणून लिहिलेला कोड पुढे वर्षानुवर्षं चालतो, आणि त्यातल्या चुका सुद्धा.

इथे चूक कोणती होती? घोडा डोक्यात ठेवून आखलेला खेळ कुत्र्याला खेळायला दिला होता. सुरुवातीच्या ब्रिटिश नियमांत उडीची उंची ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंनी चढ असलेली ती लाकडी ए-फ्रेम १.९ मीटर, माझ्यापेक्षाही उंच! लोकांना बघायला मजा येते. पण उतरताना सगळा भार येतो तो पुढच्या पायांवर, खांद्यांवर. आणि हे पुन्हा पुन्हा.

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे आकडे खाली खाली येत गेले. लहान कुत्र्यांचे वेगळे गट झाले. ब्रिटनमध्ये मोठ्या गटाची उडी आता ६० सेंटिमीटर आहे, ए-फ्रेम १.७ मीटरच्या आसपास. टायरमधून उडी मारताना कुत्रं आदळलं तर सुटून उघडणारे टायर आले. कापडी बोगद्यात कुत्री गुरफटायची, तर अमेरिकन केनेल क्लबने २०१६ मध्ये तो अडथळाच काढून टाकला. ए-फ्रेमच्या पायथ्याला वेगळ्या रंगाचा पट्टा असतो, त्यावर कुत्र्याचा पंजा पडलाच पाहिजे. नाही पडला तर गुण कापतात. का? कुत्र्याने वरूनच खाली झेप घेऊ नये म्हणून. नियमपुस्तक वाचताना मला प्रत्येक ओळीमागे एक लंगडणारं कुत्रं दिसतं.

दिसतं, कारण एक मी स्वतः तयार केलं होतं.

आमची चकली. पक्की गावठी. शेपूट चकलीसारखी वळलेली, म्हणून हे नाव. पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी दोन कुंड्यांवर पीव्हीसीचा पाईप ठेवला आणि तिला उड्या शिकवायला लागलो. ती तेव्हा नऊ महिन्यांची. खाली पेव्हर ब्लॉक. व्हिडिओ इतके भारी येत होते की रोज पाईप थोडा वर. तिसऱ्या आठवड्यात तिने पुढचा डावा पाय टेकणं बंद केलं. डॉक्टरांनी पाय तपासला, मग माझ्याकडे बघून विचारलं, "हिच्या हाडांची वाढ पूर्ण व्हायचीये, माहितीये ना तुम्हाला?"

माहिती नव्हतं. एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेत अठरा महिन्यांखालचं कुत्रं उतरवता येत नाही, हे मी त्या रात्री वाचलं. आधी वाचायला दहा मिनिटं लागली असती.

त्यामुळे ज्यांना सुरुवात करायचीये त्यांच्यासाठी थोडंसं. पहिले काही महिने उडी नाहीच. काठी जमिनीवर ठेवा आणि त्यावरून चालवा. बादलीला वळसा घालायला शिकवा. हाक मारली की येणं, सांगितलं की थांबणं, हे पक्कं करा. बारा काठ्यांमधून नागमोडी पळणं शेवटी, मणक्याला ताण येतो. जागा माती किंवा गवताची, फरशी अजिबात नको. आपल्याकडच्या उन्हात सकाळी लवकरच. स्पर्धेत हँडलरच्या हातात खाऊ चालत नाही, कुत्र्याला स्पर्शही करता येत नाही. फक्त आवाज आणि आपलं शरीर कुठे वळतंय ते. म्हणजे शिकायचं जास्त आपल्यालाच असतं.

दुसरी एक गोष्ट मला जास्त खटकायची. एफसीआयची जागतिक स्पर्धा १९९६ पासून होते, पण तिथे वंशावळीचा कागद लागतो. चकलीची वंशावळ म्हणजे चहाच्या टपरीमागचं खोपटं. अमेरिकन केनेल क्लबने १९९४ मध्ये हा खेळ घेतला, तोही कागदवाल्या कुत्र्यांपुरता. मिश्र जातींना दार उघडलं २०१० मध्ये. घड्याळाला जात कळत नाही, हे कळायला सोळा वर्षं! मग २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या जुन्या, नावाजलेल्या वेस्टमिन्स्टर शोने अ‍ॅजिलिटी स्पर्धा सुरू केली, मिश्र जातींसकट. २०२४ मध्ये ती जिंकली निंबलने. पॅपिलॉन आणि बॉर्डर कॉलीची मिश्र संतती, सगळ्यात बुटक्या गटांपैकी एका गटातली. तिथे हे पहिल्यांदाच घडलं. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला, सांगत नाही.

चकली आता दोन वर्षांची आहे. पाय बरा झाला. पाईप अजून घोट्याच्या वर गेलेला नाही. परवा खुर्च्यांवर चादर टाकून बोगदा केला, तर आत शिरली आणि तिथेच झोपली.

भेटू पुढच्या भागात.