जुना व्हिडिओ गेम उघडताना

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, शिलालेख आणि पडके बुरूज उभे राहतात. पण माळ्यावरच्या ट्रंकेत धूळ खात पडलेला प्लॅस्टिकचा एक डबा हेही इतिहासाचे साधन होऊ शकते. नव्वदीच्या दशकात ज्या घरांतली मुले शाळेत जात होती, त्यांतल्या पुष्कळ घरांत तो निघेल. टीव्हीला वायर जोडायची, वरच्या खाचेत कॅसेट खोचायची आणि बटणे दाबत बसायचे. मुले त्याला नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत. आज तो बंद पडला आहे आणि भंगारवाला वजनावर त्याचे चार पैसे देईल. ते घेण्याआधी डबा एकदा उघडून पाहावा, एवढेच मला सांगायचे आहे. शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना तर आग्रहाने सांगायचे आहे.

या डब्याचे कूळ आधी पाहू. टीव्हीवर खेळण्याचे पहिले घरगुती यंत्र अमेरिकेत १९७२ साली विक्रीस आले. राल्फ बेअर या अभियंत्याची ती कल्पना. १९७६ साली फेअरचाइल्ड कंपनीने खेळ बदलता येईल अशी कॅसेट आणली. पुढे १५ जुलै १९८३ रोजी जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र बाजारात आणले. ही कंपनी मूळची पत्ते बनविणारी, क्योटो शहरात १८८९ साली निघालेली! यंत्राची रचना मासायुकी उएमुरा यांनी केली. त्याची कामचलाऊ स्मृती अवघी २ किलोबाइट. आपल्या मोबाइलमधला एक फोटो याच्या हजारपट जागा सहज खातो. तेवढ्या शिदोरीवर पडद्यावरचा माणूस धावे, उडी मारी आणि खड्ड्यातही पडे. आपल्या बाजारात पुढे जे स्वस्त डबे आले, ते बहुतेक याच यंत्राच्या परवान्याविना केलेल्या नकला होत.

हा इतिहास दुरुस्तीच्या कामी येतो तो असा. गोंदिया जंक्शनचेच उदाहरण घ्या. मुंबई–हावडा मोठ्या लाइनीचे रूळ साडेपाच फूट अंतराचे, आणि जबलपूरकडे जाणारी छोटी लाइन अडीच फुटी. म्हणून प्रवाशाला गोंदियाला गाडी बदलावी लागे. मोठ्या गाडीचा डबा छोट्या रुळांवर चढवणार कसा? आता तीही लाइन मोठी झाली, ही गोष्ट वेगळी. खेळयंत्राचेही तसेच झाले. जपानी कॅसेटला ६० पिना, तर १९८५ साली अमेरिकेत आलेल्या त्याच यंत्राच्या कॅसेटला ७२. आपल्याकडच्या नकला सहसा ६० पिनांच्या घराण्यातल्या. तेव्हा परदेशातल्या नातेवाइकाने आणलेली कॅसेट खाचेत बसत नसेल, तर ती बिघडलेली आहे असे समजू नका, आणि जोर तर मुळीच लावू नका.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. नवख्याने एक क्रम धरावा: बाहेरून आत. पहिला संशय अ‍ॅडॅप्टरवर घ्यावा. त्याच्यावर लिहिलेले व्होल्ट वाचा. अशा डब्यांना सहसा ९ व्होल्टच्या आसपास वीज लागते. मग मल्टिमीटरने मोजा. टोकाच्या आत धन कोणते आणि ऋण कोणते, हे डब्यावरच्या खुणेशी ताडून पाहा. मूळ जपानी यंत्रात मधला भाग ऋण असतो, त्यामुळे हाताला लागेल तो अ‍ॅडॅप्टर खोचू नये. आणि अ‍ॅडॅप्टर स्वतः उघडायचा नाही, बरं का. त्याच्या पोटात घरची २३० व्होल्टची वीज असते. जुन्या पेटीसारख्या टीव्हीलाही हात लावू नका. तो बंद केल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून राहते.

दुसरा संशय कॅसेटवर. चित्र न दिसता पडदा नुसता करडा राहिला किंवा चौकड्या दिसल्या, तर बहुधा पिना मळलेल्या असतात. आपल्या मुलुखात धानाला लागतो तो पाऊस आणि दमट हवा तांब्या-पितळेला मानवत नाही. त्या काळी मुले कॅसेटमध्ये फुंकर मारीत. फुंकरीने खेळ चाले असे वाटे, पण खरा गुण कॅसेट काढून पुन्हा घालण्याचा असे. श्वासातली वाफ उलट पिनांना गंज आणी. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कापसाच्या काडीने पिना पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मेलेली म्हणून टाकलेली यंत्रे पुष्कळदा एवढ्यानेच बोलू लागतात.

एवढ्याने भागले नाही तर पेचकस घ्या. वीज काढून ठेवा आणि उघडण्यापूर्वी व उघडल्यावर एकेक फोटो काढा. बटण दबत असून खेळ ऐकत नसेल, तर जॉयस्टिक उघडून रबराखालची काळी टिकली आणि पट्टी हलक्या हाताने पुसा. मुख्य पाटीवर तीन पायांचा एक तुकडा दिसेल. त्यावर बहुधा ७८०५ असा आकडा असतो. तो ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करतो आणि उरलेली वीज उष्णता म्हणून टाकतो. म्हणूनच त्याला पत्र्याची पट्टी जोडलेली असते. आकडा आपल्याकडे धरला, पाय खाली ठेवले, तर डावीकडून वीज आत येते, मधला पाय शून्याचा, उजवीकडून ५ व्होल्ट बाहेर पडतात. हे मोजताना मात्र वीज चालू लागते. तेव्हा मीटरची टोके दोन पायांना एकदम टेकू देऊ नका. डावीकडे ९ आणि उजवीकडे काहीच नाही, म्हणजे दोष सापडला! अ‍ॅडॅप्टर जिथे खोचतो तिथला डाकही पाहा. ओढाताणीने तो तडकतो. फुगलेला कंडेन्सर डोळ्यांनीच ओळखता येतो.

मात्र एका ठिकाणी थांबावे लागते. उत्तरकाळच्या स्वस्त नकलांत पाटीवर काळ्या लुकणासारखा एक थेंब दिसेल. यंत्राचा सारा मेंदू त्याखाली बुजवलेला असतो. तो बिघडला तर उपाय नाही. जुन्या यंत्रात चिपा वेगवेगळ्या होत्या, त्या काढून बदलता येत. थेंब आला आणि यंत्र स्वस्त झाले, पण कारागिराचा दरवाजा बंद झाला. रेडिओ दुरुस्त करता करता जो माणूस पुढे टेप आणि टीव्ही शिकला, त्याचे शिक्षण अशा उघड्या पाट्यांवरच झाले होते. आजची मुले हातात घेतात ती यंत्रे डिंकाने चिकटवलेली असतात. तेव्हा सुटे भाग दिसणारा आणि नऊ व्होल्टवर चालणारा हा डबा आठवी-नववीच्या मुलांच्या हाती देण्याजोगा आहे.

एखाद्या शनिवारी तो वर्गात उघडा. मुलांना भाग ओळखू द्या, आकडे वाचू द्या, मोजू द्या. जुन्या डाकात शिसे असते, म्हणून काम झाल्यावर हात धुवायला लावा. यंत्र चालू झाले तर उत्तमच. नाहीच झाले, तर कोठे अडले ते मुलांकडून वहीत लिहून घ्या, आणि डबा उकिरड्यावर न जाळता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.