फियाटचे पाटे

वालचंद हिराचंदांचं कर्तृत्व सांगताना जहाज, विमान आणि मोटार असा क्रम लावायची आपल्याकडे पद्धत आहे. साखर बहुतेकदा राहून जाते, आणि ती आमची. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या शिवारात, नीरेच्या काठाला, त्यांच्या कंपनीने १९३०च्या दशकात साखर कारखाना उभा केला आणि त्या वसाहतीला पुढे वालचंदनगर नाव पडलं. बारामती-इंदापूर रस्त्यावर जंक्शनला वळलं की आजही ही दोन गावं एकमेकांना लागून भेटतात. माझ्या दारात वालचंदांच्याच दुसऱ्या कंपनीची गाडी उभी आहे, प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी जुनी म्हणून घेतलेली. किलोमीटरचा काटा पूर्ण फिरून पुन्हा शून्यावरून मोजायला लागला, त्यालाही बरीच वर्षं झाली.

या गाडीबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक आठवणींचं असतं: काळीपिवळी टॅक्सी, सिनेमा, लग्नाची वरात. ती इतकी वर्षं चालली कशी, याचं उत्तर मात्र ‘तेव्हाचं लोखंडच दणकट होतं’ एवढ्यावर सोडून दिलं जातं. मला ते पटत नाही. गाडीखाली वाकून पाहिलं तर वेगळं उत्तर दिसतं.

आधी थोडा इतिहास. देशात मोटारीचा कारखाना निघावा म्हणून विश्वेश्वरय्या आणि वालचंद १९३०च्या दशकापासून खटपट करत होते. म्हैसूर संस्थानात कारखाना काढायचा बेत ब्रिटिश सरकारच्या विरोधामुळे बारगळला. अखेर १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७पासून कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकन सुट्या भागांची जुळणी करून डॉज, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला. फियाटची नवी ११०० गाडी १९५३च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. वालचंद गेले त्याच वर्षी ८ एप्रिलला. कंपनीचं नाव ज्या गाडीने घरोघरी नेलं, ती त्यांनी भारतातल्या रस्त्यावर पाहिलीच नाही.

१९६४मध्ये इथे आलेलं ‘डिलाइट’ हे मॉडेल पुढे ‘प्रेसिडेंट’ झालं, १९७४पासून ‘पद्मिनी’ झालं आणि शतक संपेपर्यंत बनत राहिलं. इंजिन १०८९ सीसीचं. पुढच्या प्रत्येक चाकाला वरखाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग. मागे सरळ अॅक्सल आणि त्याखाली पाट्यांची कमान. पस्तीस वर्षं हा सांगाडा मुळात बदलला नाही. परवाना पद्धतीत स्पर्धा नव्हती, गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, मग बदलायची गरज कोणाला होती? गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर ही फसवणूकच. पण मिस्त्रीच्या बाजूने पाहा. १९६४च्या गाडीवर हात बसलेला माणूस १९९५ची गाडीही डोळे मिटून खोलू शकत होता. गाडी बदलत नव्हती म्हणून तिचं ज्ञान शहरातल्या वर्कशॉपपुरतं राहिलं नाही. ते झिरपत तालुक्याच्या गावात, चिंचेखालच्या गॅरेजात पोचलं.

आणि पाटे तर आमच्या भागाला नवे नव्हतेच. उसाच्या बैलगाडीला कसलीच कमान नसते, खड्ड्याचा दणका थेट कण्याला. पण टांग्याला पाटे होते, ट्रकला होते. त्यामुळे फियाट आली तेव्हा तिचा मागचा भाग लोहाराला ओळखीचा वाटला असणार. पाट्यांची कमान ही साधी गोष्ट आहे: सगळ्यात लांब मेन पाटा, त्याच्या दोन टोकांना वळवलेले डोळे, आणि त्याखाली आखूड होत जाणारे बाकीचे, मध्ये सेंटर बोल्टने धरलेले. ही सगळी चवड यू-बोल्टने अॅक्सलला आवळायची. गाडीवर वजन पडलं की कमान सपाट होते, म्हणजेच लांब होते. ती लांबी सामावून घ्यायला एका टोकाला झुलणारी शॅकल. दणका बसतो तेव्हा पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच उसळीचा काही भाग जिरतो. उरलेला शॉकअपने जिरवायचा.

बिघाड इथेच सुरू होतो. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्ता खचवून ठेवतात, पावसाळ्यात काळी माती पाट्यांच्या फटीत शिरते आणि वाळून घट्ट बसते. मग पाटे सरकत नाहीत, गंजतात, करकरतात. यावर जुन्या ड्रायव्हरांचा उपाय म्हणजे इंजिनातलं काळं ऑइल वरून मारणं. आवाज दोन दिवस थांबतो. त्यावर धूळ बसून पॉलिशपेपरसारखा लेप तयार होतो, आणि तेच तेल शॅकलच्या रबरी बुशवर गेलं की रबर फुगून सैल पडतं. पाटे खोलून, तारेच्या ब्रशने घासून, फटीत ग्रॅफाइट ग्रीस भरून पुन्हा बांधणं हे खरं काम. त्याला एक दिवस जातो, म्हणून कोणी करत नाही.

मागच्या वर्षी माझी गाडी मागून ड्रायव्हरच्या बाजूला झुकली. एका शहरातल्या गॅरेजने न खोलताच सांगितलं, भंगारात घाला. इथले मिस्त्री गाडीखाली गेले, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर टेपने मोजलं आणि म्हणाले, “पाटं मेलं न्हाईत, नुसतं दमल्यात.” दमलेल्या पाट्यांना पुन्हा कमान चढवता येते. ऐरणीवर अंगठाभर अंतराने हातोड्याचे घाव घालत गार लोखंडच वळवायचं, किंवा तापवायचं. तापवण्यात धोका आहे: नुसतं लाल करून हवेवर सोडलं तर पोलादाचं पाणी उतरतं आणि महिन्याभरात कमान पुन्हा बसते. तेलात बुडवून, परत बेताने तापवून पाणी द्यावं लागतं. मिस्त्रींनी गारच ठोकले. एका पाट्याला मध्याजवळ केसाएवढी चीर निघाली, तो बदलला.

पुढच्या बाजूची परीक्षा याहून सोपी आणि जास्त महत्त्वाची. चाक जॅकवर उचलायचं, वर आणि खाली धरून हलवायचं. खडखडलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. खडखड थांबली तर बेअरिंग, राहिली तर किंगपिन. या किंगपिनला ग्रीसगनने नियमित ग्रीस लागतं. आजच्या गाड्यांचे बॉल जॉइंट सीलबंद येतात, ग्रीसचं निप्पलच नाही, त्यामुळे नव्या पोरांच्या गॅरेजात ग्रीसगन भिंतीला टांगलेली दिसली तरी भरलेली असेलच असं नाही.

मुंबईत टॅक्सीवाल्यांनी याच पाट्यांवर आणखी भार घातला. डिकीत सीएनजीची टाकी आली आणि एका मोठ्या माणसाचं वजन कायमचं मागच्या अॅक्सलवर बसलं. वर कॅरियर, त्यावर गावाकडचं सामान. तरीही गाड्या वयोमर्यादा संपेपर्यंत पळाल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. २० वर्षांच्या नियमाने २०२३च्या ऑक्टोबरात ती बाद झाली. तिला कायद्याने थांबवलं, पाट्यांनी नव्हे.

खासगी गाडीला तसा पूर्णविराम नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करायची. १ एप्रिल २०२२ला त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती. हा खर्च मी करतो, पण माझी खरी अडचण पैशांची नाही. पाटे मिळतील, ट्रॉल्यांसाठी पाटे बनवणारी दुकानं आहेत, मापाचा तुकडा कापून देतात. पुढचे किंगपिनचे बुश मात्र गेल्या खेपेला बाजारात धड मिळाले नाहीत. ते आमच्या ओळखीच्या एका निवृत्त टर्नरने गनमेटलच्या दांड्यातून लेथवर काढून दिले, पिनेच्या मापाला रीमर मारून. हा माणूस वालचंदनगरच्या कारखान्यात साखरेच्या यंत्रांचे भाग कातत म्हातारा झाला. कुर्ल्याच्या गाडीला कळंबचा लेथ उपयोगी पडला. जास्तीचे दोन जोड त्यांच्याकडून काढून घेतलेत. ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवले आहेत.