वेदीच्या कठड्याशी

ज्यू समाजाच्या यातनांवर चित्रपट पुष्कळ निघाले. परंतु फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांचा १९८७ चा 'ओ रवुआर लेझांफां' आम्हांस अधिक जवळचा वाटतो, कारण त्याची कथा एका कॅथलिक वसतिगृहात घडते. पॅरिसजवळील आव्हों येथील कार्मेलाईट शाळेचे मुख्याध्यापक फादर जाक यांनी तीन ज्यू मुलांना खोट्या नावांनी वर्गात दडविले होते. १५ जानेवारी १९४४ रोजी गेस्टापोने चौघांनाही पकडले. अकरा वर्षांचा लुई तेथेच शिकत होता. मुले आउशवित्झला मारली गेली. फादर माउथहाउझेनच्या छावणीतून सुटले खरे, पण २ जून १९४५ रोजी लिंझ येथे त्यांनी देह ठेवला.

चित्रपटातील एक प्रसंग मनातून जात नाही. मिस्सेत ज्यू मुलगा बॉने इतरांसमवेत वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकतो. फादर क्षणभर थबकतात आणि ख्रिस्तप्रसाद न देता शेजारच्या मुलाकडे वळतात. ज्याच्यासाठी प्राण पणाला लावले, त्यालाच नकार? कोणास हे कठोर वाटेल. आम्हांस मात्र वाटते की, त्याला जगविताना त्याचे ज्यूपण पुसण्याचा मोह त्यांनी टाळला.

पुढे वर्गमित्र ज्यूलियाँची एक नजर बॉनेकडे वळते आणि तो ओळखला जातो. हा ज्यूलियाँ म्हणजे बालपणीचे मालच. प्रत्यक्षात ती नजर नव्हती; ती आपली भर असल्याचे त्यांनीच सांगितले आहे. न केलेला अपराध त्रेचाळीस वर्षांनी त्यांनी स्वतःच्या माथी घेतला.