एका पानाचे दोन रस

काष्ठौषधींच्या दुकानात काळाबोळ मागितला की दुकानदार बरणीतून काळपट तपकिरी, काचेसारखे चकाकणारे खडे काढतो आणि पुडी बांधून देतो. पाय मुरगळला, मुका मार लागला की हा खडा सहाणेवर उगाळायचा आणि कोमट लेप सुजेवर घालायचा, हे आमच्या घरी ठरलेले. बोट चुकून तोंडात गेले तर कडूपणा जेवणापर्यंत पुरे. त्याच घरात मोरीच्या भिंतीशी कोरफडीचे जुने रोप होते. तव्याचा चटका बसला की आजी आधी हात पाण्यात धरायला लावी आणि मग एक पान कापून आणी. काळाबोळ आणि पानातला तो थंडगार गर एकाच झाडाचे, हे मला फार उशिरा कळले. कळल्यावर मात्र कोरफडीचा सगळा इतिहासच वेगळा दिसू लागला.

पान आडवे कापून पाहा. हिरव्या सालीला अगदी लागून पिवळसर, उग्र वासाचा चीक पाझरतो. तो आटवून वाळवला की काळाबोळ होतो. त्याच्या आत असतो पारदर्शक, बुळबुळीत गर. त्यात जवळजवळ 99 टक्के पाणी आणि उरलेल्या भागात मुख्यतः साखरेच्या लांब साखळ्यांचे पदार्थ. चीक रेचक, दाहक, कडू. गर सौम्य आणि शीतल. दोघांमध्ये अंतर एका पातळ पापुद्र्याचे, पण त्यांचे प्रवास पूर्ण वेगळे झाले.

झाडाचे मूळ अरबस्तानात. कोरफडीच्या जातभाईंची संख्या पाचशेच्या वर आहे, आणि हे कुळ आफ्रिकेच्या दक्षिणेकडून पसरत अरबस्तानापर्यंत पोचले. आपण कुंडीत लावतो ती जात या पसाऱ्याच्या उत्तर टोकाची, ओमानच्या बाजूच्या कोरड्या डोंगरांची सोयरी. ती रात्री गारव्यात पानांची रंध्रे उघडते, दिवसा मिटून घेते आणि पाणी सांभाळते. शिवाय ती लेकुरवाळी: बुंध्याशी पिल्ले धरते, ती काढून कुठेही रोवली की लागतात. उपटून दारावर उलटी टांगली तरी ती महिनोन्‌महिने हिरवी राहते. नजर लागू नये म्हणून तिला दारावर टांगणाऱ्यांनी तिची ही चिवट जीवनशक्तीच हेरली असावी. बियांची वाट न पाहता माणसाबरोबर गलबतावर चढू शकणारे असे झाड किनाऱ्याकिनाऱ्याने पसरले, यात नवल नाही.

पण व्यापार झाला तो चिकाचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, ती ‘पेरिप्लस’ नावाने ओळखली जाते. आपल्या कल्याण बंदराचा उल्लेख असलेले हेच ते पुस्तक. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या काने बंदरातून ऊद आणि हा कडू बोळ निर्यात होतो, अशी नोंद त्यात आहे. त्याच शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने तो जखमेवर भुरभुरावा, केस गळत असतील तर दारूत कालवून लावावा असे लिहिले, आणि बराचसा माल हिंदुस्थानातून येतो असेही. सर्वांत नावाजलेला बोळ सोकोत्रा बेटाचा. अ‍ॅरिस्टॉटलच्या सांगण्यावरून अलेक्झांडरने हे बेट केवळ या औषधासाठी घेतले, अशी कथा अरब लेखक सांगत. कथा खरी असो वा नसो, तिच्यातून मालाचा भाव कळतो. 1615 मध्ये जहांगिराच्या दरबाराकडे निघालेला इंग्रज वकील टॉमस रो सोकोत्राला थांबला, तेव्हाही तिथल्या सुलतानाचा मुख्य माल हाच होता.

नावांची गोष्ट आणखी सुरस आहे. अरबीत या कडू रसाला ‘सब्र’च्या घरातले नाव आहे. ज्या धातूपासून आपली ‘सबुरी’ आली, त्याच धातूपासून कोरफडीच्या बोळाचे ‘मुसब्बर’ हे नाव आले. आपल्याकडे संस्कृतात ती ‘कुमारी’, सदा ताजी, कधी न सुकणारी. गर तुपासारखा म्हणून ‘घृतकुमारी’. हिंदीत ‘घीकुंवार’, गुजरातीत ‘कुंवार’, आणि मराठीतल्या ‘कोरफड’मधला ‘कोर’ मला याच रांगेत उभा दिसतो. ‘फड’ तर आपण फड्या निवडुंगातही म्हणतोच, मांसल पानाला. अरबांनी तिला चिकावरून ओळखले आणि आपण गरावरून, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

ही दोन्ही नावे शेजारी शेजारी आली ती गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये हिंदुस्थानात आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. 1563 मध्ये गोव्यात त्याचा औषधींवरचा संवादग्रंथ छापला गेला. हिंदुस्थानात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी तो एक. त्यातला दुसराच संवाद या बोळावर आहे. अरबांचे नाव ‘सेबार’ असे देऊन, इथल्या किनाऱ्यावरचे लोक काय म्हणतात तेही तो लिहितो: ‘कातेकोमेर’. काटा आणि कुमारी, दोन्ही त्या पोर्तुगीज अक्षरांतून आजही ऐकू येतात. कुणातरी कोकणी माणसाला विचारून त्याने हा शब्द टिपला असणार. मला त्या न दिसणाऱ्या माणसाबद्दल फार ओढ वाटते. जखमा भरण्यासाठी बोळ आणि हिराबोळ एकत्र करून इथले लोक वापरतात, घोड्यांनाही लावतात, अशा नोंदी ओर्ताने केल्या. ओर्ता 1568 मध्ये वारला. पुढे 1580 मध्ये चर्चच्या धर्मन्यायसभेने (इन्क्विझिशनने) त्याची हाडे उकरून काढून जाळली. ग्रंथ मात्र लॅटिनमध्ये जाऊन युरोपभर वाचला गेला.

ओर्ताच्या शतकातच भावमिश्राने ‘भावप्रकाश’ रचला. त्यात कुमारीचे गुण सांगताना यकृत-प्लीहेच्या विकारांबरोबर ‘अग्निदग्ध’, म्हणजे भाजणे, फोड आणि त्वचेचे रोग स्पष्ट नोंदले आहेत. सुश्रुताने त्याच्या कितीतरी आधी भाजण्याचे चार प्रकार केले होते. त्यांतल्या एका प्रकारावरचा त्याचा लेप वंशलोचन, पिंपरी, चंदन, गेरू, गुळवेल आणि तूप यांचा. त्या लेपात कुमारी नाही. भावमिश्राच्या ओळीत ती आहे. मधल्या काळात कधीतरी ती स्वयंपाकघरातून ग्रंथात आली असेल, असे मला वाटते.

गराच्या वाट्याला कागदोपत्री इतिहास इतका थोडका का आला, याचे उत्तर सरळ आहे. चीक आटवला की वर्षानुवर्षे टिकतो. बार्बाडोस बेटावरून तर तो भोपळ्यात भरून इंग्लंडला जाई. गर मात्र पान कापल्यावर लवकर बिघडतो. जे टिकत नाही त्याचा व्यापार होत नाही, ज्याचा व्यापार होत नाही त्याची जकात भरली जात नाही, आणि जकात नसली की दप्तरात नोंद नसते. गर परसात राहिला आणि त्याचे ज्ञान बायकांच्या हातात राहिले.

वनस्पतिशास्त्रातले नावही व्यापाराच्या दिवसांतच ठरले. 1768 च्या एप्रिलमध्ये डच शास्त्रज्ञ बुर्मन याने हिंदुस्थानच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात तिला ‘अ‍ॅलो व्हेरा’ म्हटले. ‘व्हेरा’ म्हणजे खरी. इंग्लंडच्या मिलरने सुचवलेले ‘बार्बाडेन्सिस’ दहा दिवस उशिरा छापले गेले, म्हणून मागे पडले. आज बाटल्यांवर दिसते ते बुर्मनचे नाव.

गराला आधुनिक वैद्यकाचे दार उघडले ते एका नव्या भाजण्यामुळे. क्ष-किरणांच्या पहिल्या दशकांत त्यांची मात्रा कळत नव्हती आणि रुग्णांची त्वचा होरपळे. 1935 मध्ये अमेरिकेत कॉलिन्स आडनावाच्या दोन डॉक्टरांनी अशा एका स्त्रीची हकिकत छापली. तिच्या कपाळावरच्या, कोणत्याच मलमाला न जुमानणाऱ्या जखमेवर त्यांनी ताजे पान चिरून लावले आणि 24 तासांत आग व खाज थांबली. एका रुग्णावरून सिद्ध काहीच होत नाही, पण लोक शोधायला लागले. 2007 मध्ये भाजण्यावरच्या चार अभ्यासांचा, एकूण 371 रुग्णांचा एकत्रित आढावा निघाला. कोरफड लावलेल्या जखमा सरासरी सुमारे 9 दिवस लवकर भरल्या होत्या. मात्र ते अभ्यास लहान होते, औषध बनवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या होत्या, आणि वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2012 च्या आढाव्याने एकूण जखमांच्या बाबतीत पुरावा अपुरा ठरवला. माझे मत असे: वरवरच्या चटक्यावर गर लावण्यात अर्थ आहे, त्याहून मोठे दावे अजून उसने आहेत.

चिकाची कथा उलट दिशेने गेली. ज्याच्यासाठी गलबते फिरली त्या रेचकाला 2002 मध्ये अमेरिकेत चिठ्ठीविना विकायच्या औषधांतून वगळले गेले, कारण सुरक्षिततेचा पुरावा कंपन्यांनी दिला नाही. सालीचिकासकट अख्ख्या पानाचा अर्क माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या यादीत आहे. रोज सकाळी अख्खे पान वाटून पिणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. बाजारातल्या बाटलीचा गडद हिरवा रंगही बहुधा वरून घातलेला असतो. गर मुळात रंगहीन.

आता तुमच्या कुंडीकडे. चटका बसला तर आधी वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तूपही तेव्हा नको. फोड फुटला असेल, भाजलेला भाग तळहाताहून मोठा असेल, चेहरा, सांधा किंवा लहान मूल असेल तर कोरफड विसरा आणि डॉक्टरांकडे जा. लहानसा लाल चट्टा असेल तर पान कापा, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा गर लावून खाज येत नाही ना ते बघा. आणि साल काढण्यापूर्वी पान कापलेली बाजू खाली करून वाटीत थोडा वेळ उभे ठेवा, पिवळा रस पूर्ण निथळू द्या.